अबूनांच्या खोलीतला रिकामा कप

"अबूना, कप रिकामा आहे!"

भाई तन्नूस दारातच थबकला. हातातला ट्रे असा हलला की बशा खडखडल्या. पाद्री इस्कंदर, सगळ्यांचे अबूना, फळ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

"मग भर."

"भरायचा नाहीये, अबूना. प्यायलाय! त्या बाई कॉफी पिऊन गेल्या!"

आता खडू थांबला. अबूना वळले. खिडकीजवळच्या छोट्या मेजावर कप होता आणि त्याच्या तळाशी नुसता गाळ उरला होता. अबूना त्या गाळाकडे पाहत राहिले, आणि तन्नूस अबूनांकडे. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

बैरूतमध्ये कुणाला सांगितलं असतं की अबूना इस्कंदर ब्रैदींच्या खोलीतून कुणी कॉफी पिऊन गेलं, तर सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. जून उजाडला, विद्यापीठाच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या, की येशूसंघाच्या पाद्र्यांच्या त्या इमारतीचा जिना पायांनी झिजायचा. आमदार यायचे, बिशपांचे भाचे यायचे, जावयासाठी सासरे यायचे. आमच्या देशात ओळखीशिवाय पान हलत नाही, मग गणितातला गुण कसा हलेल? रीतही ठरलेली. पाहुण्यापुढे कॉफी येते. मागणं घेऊन आलेला माणूस कप उचलतो, तोंडाला न लावता खाली ठेवतो आणि म्हणतो, "माझं काम होणार असेल तरच पितो." यजमान "प्या" म्हणाला की शब्द गेला. तो मोडणाऱ्याला नंतर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. ख्रिस्ती असो, मुसलमान असो, द्रूझ असो, त्या कपापुढे सगळे सारखेच भितात.

अबूना कॉफी सगळ्यांना द्यायचे, "प्या" कुणालाच म्हणायचे नाहीत. ऐकून घ्यायचे, आलेल्याच्या आईची चौकशी करायचे, जिन्यापर्यंत पोचवायलाही जायचे, आणि मागे मेजावर कप भरलेला. भाई तन्नूस ती गार कॉफी अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतायचा. हा तन्नूस संघातला साधा ब्रदर, मठाचं स्वयंपाकघर सांभाळणारा, जिभेनं तिखट. "या झाडाला जूनभर झोप लागत नसेल," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. विद्यार्थी म्हणायचे की उंटाला सुईच्या नेढ्यातून काढणं एक वेळ जमेल, अबूनांच्या मुठीतून एक जास्तीचा गुण काढणं जमायचं नाही.

हे अबूना मूळचे डोंगरापलीकडच्या आमच्या झाहले गावचे, नदीकाठच्या बेकरीवाल्या ब्रैदींचे. मिसरूड फुटायच्या आत येशूसंघात गेले. संघानं फ्रान्सला पाठवलं. तिथं देवधर्माबरोबर गणित शिकले आणि परत आले ते काळा झगा आणि त्यावर खडूची पांढरी पूड असे, आणि पुढे तसेच म्हातारे झाले. सकाळी चर्चमध्ये मिसा म्हणायची, मग वर्गात जायचं, मग खोलीतल्या फळ्यासमोर उभं राहायचं. एका सिद्धांताच्या मागे ते वर्षानुवर्षं होते. तो आज हाती लागतो, उद्या निसटतो, असा लपंडाव चाललेला. नेमका त्या सकाळी तो कोपऱ्यातून डोकावला होता, आणि नेमकी त्याच वेळी ती बाई खुर्चीत येऊन बसली होती.

"काय मागितलं तिनं?" तन्नूसनं विचारलं.

अबूनांनी कपाळावर हात फिरवला. कपाळ पांढरं झालं. "ती बोलत होती. बराच वेळ बोलत होती. मग थांबली. मला वाटलं, कॉफी गार होतेय म्हणून थांबली असेल. मी म्हटलं, प्या बाई, प्या."

"आणि मागितलं काय?"

"ऐकलं नाही मी."

तन्नूसनं ट्रे जमिनीवरच ठेवला. "म्हणजे तुम्ही शब्द दिलात आणि कशाचा दिलात ते तुम्हालाच माहीत नाही? तुम्हीच ना पोरांच्या मानेवर बसून सांगता, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तराला हात घालू नका म्हणून?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फळ्यावरचा सिद्धांतही चुकीचा निघाला, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही, यावरूनच त्यांची काय अवस्था झाली होती ते कळावं.

बाई कोण होती हे तन्नूसला ठाऊक होतं. झाहलेची उम्म नख्ले, म्हणजे थोरल्या मुलाच्या नावानं नख्लेची आई, आणि नुहादचीही. त्यामुळे कोडं आणखीच अवघड झालं. नुहाद ही अबूनांच्या वर्गातली अशी मुलगी की तिच्यासाठी कुणी रदबदली करायची म्हणजे माशासाठी पाणी मागायचं. अबूनांनी इतक्या पिढ्या शिकवल्या, पण फळ्यावरची त्यांची चूक त्यांच्या आधी पाहणारी तीच पहिली. त्या वर्षी गणितात पहिल्या येणाऱ्याला पॅरिसला पुढचं शिकायला पाठवायचं होतं, आणि ती कोण असणार याबद्दल शिपायालाही शंका नव्हती. मग आई आली कशाला?

रविवारची मिसा झाल्यावर अबूना शेअर टॅक्सीत बसले, घाट चढून उतरले आणि झाहलेत उम्म नख्लेच्या दारात उभे राहिले. द्राक्षाच्या मांडवाखाली ती पानांत भात भरून सुरळ्या वळत होती. अबूनांना पाहून लगबगीनं उठली, त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, खुर्ची पुसून दिली.

"उम्म नख्ले, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे काय मागितलंत?"

ती हसली. "वा अबूना! देणाराच विचारतोय काय दिलं म्हणून!"

"माझं लक्ष फळ्यावर होतं. मला ऐकू आलं नाही."

तिच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग तिनं एकेक शब्द असा सांगितला, जसा बहिऱ्याला सांगतात. "नुहादला नापास करा म्हटलं. किंवा मागं पाडा. कसंही करा, पण ती पॅरिसला जाता कामा नये."

अबूना बसल्या जागी गार पडले. पास करा म्हणणारे आयुष्यात शेकड्यांनी भेटले होते. नापास करा म्हणणारी ही पहिलीच, आणि ती पोटची आई! क्षणभर त्यांना वाटलं, पुन्हा काहीतरी ऐकायचं राहिलं. पण यावेळी सगळं ऐकू आलं होतं.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय?"

"मलाच कळतंय," उम्म नख्ले म्हणाली. "नख्ले ब्राझीलला गेला तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, त्याचा भाऊ फौझी आहे. फौझी गेला तेव्हा म्हटलं, जाऊ दे, यांचा बाप आहे. बाप गेला तेव्हा दोघांच्या तारा आल्या, दोघं आले नाहीत. साओ पावलोत मोठी दुकानं आहेत म्हणे, बंद कशी ठेवणार? नातवंडं फोटोत हसतात. त्यांना माझी भाषा येत नाही. अबूना, आपण लेकराला मांडीवर घेऊन लाडानं काय म्हणतो? तूच मला मातीत पुरशील गं, माझ्या बाळा! मी तीन लेकरांना म्हटलं. दोघं तर पुरायला येत नाहीत, दिसतंच आहे. ही पण गेली तर मला कोण पुरणार, नगरपालिका?"

"पण तिची बुद्धी..."

"बुद्धी माझ्याच पोटात आली ना? का पॅरिसहून आणलीत?"

"तिला विचारलंत?"

"तिला विचारलं तर ती जाते म्हणेल. म्हणून तर तुमच्याकडे आले."

अबूनांनी घसा साफ केला. वर्गात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, पण त्यांचा आवाज पोरासारखा निघाला. "मी शब्द म्हणून म्हटलं नव्हतं, उम्म नख्ले. गार होतेय म्हणून म्हटलं."

तशी ती उभी राहिली, आणि तोंडातलं तुम्ही गळून पडलं. "इस्कंदर, तू बेकरीवाल्या ब्रैदीचा मुलगा. फ्रान्समध्ये शिकलास, जन्मलास इथंच. कप खाली ठेवलेल्या बाईला प्या म्हणणं म्हणजे काय, ते आता मी तुला शिकवू? मी प्यायले. तुझ्या समोर प्यायले. तुझ्या हाताला ओठ लावून आले. आता तू आणि तुझा देव बघून घ्या."

तिथून अबूना दोन गल्ल्या पलीकडे बहिणीच्या घरी गेले. नजीबा त्यांच्याहून मोठी. लग्न केलं नाही, आईबापाचं शेवटपर्यंत तिनंच केलं. भावाला अवेळी दारात पाहून ती मसूर ढवळायची थांबली. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, ती हसेल, नाहीतर त्यांच्या विसरभोळेपणाला चार शिव्या घालेल. ती दोन्हीपैकी काही करेना. डाव भांड्यात सोडून ती स्टुलावर बसली.

"तूही तेच केलंस?" ती म्हणाली.

"तूही म्हणजे?"

"तुमच्या मठप्रमुखानं, त्या फ्रेंच रेक्टरनं, आईला केलं तेच."

अबूनांना काही उमजेना. नजीबा सांगायला लागली, आणि तिच्या आवाजात इतक्या वर्षांत न निवलेला राग होता.

"तुला फ्रान्सला पाठवणार अशी कुणकुण लागली, तेव्हा आई बैरूतला गेली. बाबांना न सांगता गेली. रेक्टरपुढे बसली. त्यानं कॉफी दिली, बिस्किटंही दिली म्हणे, भला माणूस होता. आईनं कप खाली ठेवला. म्हणाली, माझा इस्कंदर मला परत द्या, पाद्री करा, हरकत नाही, पण इथंच करा, समुद्रापार नको. आणि तो म्हणाला, प्या. दोनदा म्हणाला. प्या, प्या."

"त्याला आपली भाषा धड येत नसणार..."

"तेवढा शब्द येत होता. आई कॉफी पिऊन आली, ती नाचतच. गल्लीत साखरेचे बदाम वाटले. बाबा ओरडले तर त्यांनाच वेडे ठरवलं. वरच्या खोलीला चुना लावून घेतला. आणि मग एक दिवस बंदरावर काम करणारा मामा आला आणि म्हणाला, तुमच्या इस्कंदरला मी बोटीत चढताना पाहिलं."

मसूर खाली लागल्याचा वास येत होता, पण कुणी उठलं नाही.

"त्यानंतर आईनं कुणाच्या घरी कॉफी घेतली नाही. मयताला गेली तरी नाही, लग्नाला गेली तरी नाही. बायका विचारायच्या, पोट बिघडलंय का? ती हो म्हणायची."

"मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? तू देवाचा झाला होतास. देवाच्या माणसाला सांगायचं, तुझ्या देवाच्या घरच्यांनी आमच्या आईला फसवलं?"

"त्यानं फसवलं नाही, नजीबा. त्याला रीत माहीत नव्हती."

"त्याला माहीत नव्हती," नजीबा म्हणाली. "तुला आहे."

परतीच्या टॅक्सीत शेजारचा माणूस कलिंगडांबद्दल काहीतरी बोलत होता. अबूना मान हलवत होते. आत मात्र सगळं उलटंपालटं झालं होतं. त्या रेक्टरनं शब्द पाळला असता, तर बोट सुटली नसती, गणित भेटलं नसतं, आणि आज ते झाहलेत कुठल्यातरी चर्चमध्ये बारशी आणि मयतं करत असते. आपलं आयुष्य देवानं दिलं असं ते प्रत्येक मिसेत म्हणत आले होते. ते कुणाच्या जिवावर मिळालं, हे आज लागलेल्या मसुराच्या वासात कळत होतं. आणि आता तोच कप त्यांच्या मेजावर. शब्द पाळावा तर त्या पोरीचा गळा घोटायचा. मोडावा तर आणखी एका आईला जन्मभर पोट बिघडलंय म्हणायला लावायचं. त्यांना खरोखर भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

विचार करकरून त्यांना एकच वाट सरळ दिसली. जिच्या आयुष्याचा सौदा झाला, तिला निदान ते कळायला हवं. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी नुहादला रिकाम्या वर्गात थांबवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःला सोडलंही नाही.

नुहादचा चेहरा उतरत गेला. पुस्तकं छातीशी धरून ती उभी होती. "आईनं? माझ्या आईनं?" असं ती एकदाच म्हणाली. मग विचारलं, "ती प्यायली?"

"प्यायली."

"तुम्ही प्या म्हणालात?"

"म्हणालो. पण तू उद्या नेहमीसारखी ये आणि उत्तरं दे. मी खरे तेच गुण देईन. पुढचं माझं मी निस्तरेन."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

अबूनांना हलकं वाटलं. त्या रात्री झोपही लागली. पाठीवरचं ओझं उतरलं एवढंच त्यांनी पाहिलं, ते कुणाच्या पाठीवर गेलं हे पाहायला थांबले नाहीत. एखाद्या विद्यार्थ्यानं असा हिशेब मांडला असता तर त्यांनी त्याचा कान पिळला असता.

तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर व्हायची. मोठ्या दालनात बाकांवर मुलं, पुढे मेजामागे अबूना आणि त्यांच्यासोबत दुसरे परीक्षक डॉक्टर शम्मास, नियमांचे मोठे भक्त. नुहादचं नाव पुकारलं तशी मागची मुलंही सरसावून बसली. तिची परीक्षा म्हणजे बघण्यासारखी गोष्ट, असा लौकिक होता.

अबूनांनी एक अनंत मालिका सांगितली. हिची बेरीज कुठं येऊन थांबते का, ते दाखव. प्रश्न अवघड होता, पण नुहादनं याहून अवघड प्रश्न घरी जाता जाता सोडवले होते. तिनं खडू उचलला. फळ्याजवळ गेली. उभी राहिली.

काहीच लिहिलं नाही.

"हवा तेवढा वेळ घे," अबूना म्हणाले.

"येत नाही, अबूना."

दालनात कुजबुज झाली. डॉक्टर शम्मासांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अबूनांनी दुसरा प्रश्न विचारला, सोपा. "येत नाही." तिसरा, पहिल्या वर्षाचा. "येत नाही." तिचा आवाज शांत होता आणि नजर अबूनांवरून हलत नव्हती. अबूनांना आता समजलं. ही पोरगी त्यांचा शब्द पाळत होती. त्यांच्या वतीनं, त्यांना खोटं करायला न लावता, स्वतःचा गळा स्वतःच कापत होती.

"त्रिकोणाच्या कोनांची बेरीज किती?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न नव्हताच, विनवणी होती.

"माहीत नाही."

मागच्या बाकांवरून हसू फुटलं. आधी एक, मग पाचसात. कुणीतरी म्हणालं, "पॅरिसला कळवा रे, कोन मोजायला माणूस पाठवा!" पुन्हा हशा. नुहादचे कान लाल झाले, पण ती हलली नाही.

"गप्प!" अबूना ओरडले. त्यांचा असा आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता. दालन जागच्या जागी थिजलं. "हिची परीक्षा इथं थांबते. उद्या सकाळी पुन्हा होईल."

"हे नियमात बसत नाही, फादर," डॉक्टर शम्मास हळू आवाजात म्हणाले. "शून्य आहे ते शून्यच लिहायला हवं."

"उद्या लिहा. माझं नावही त्याच ओळीत लिहा."

बाहेर ओसरीत त्यांनी नुहादला गाठलं. "हे करायला मी तुला सांगितलं नव्हतं!"

"दुसरं काय करायला ठेवलं होतं तुम्ही?" ती म्हणाली. आता ती रडत होती, रागानं. "पास झाले असते तर माझ्या आईला फसवणारे तुम्ही, आणि तुम्हाला फसवायला लावणारी मी. मला कशाला सांगितलंत, अबूना? न सांगता हवं ते करायचं होतं. निदान मी माझं गणित तरी केलं असतं!"

अबूनांनी मठात निरोप ठेवला, टॅक्सी गाठली, आणि भर दुपारच्या उन्हात पुन्हा घाट चढला. मनाशी सगळं ठरलं होतं. उद्या सगळ्यांसमोर उभं राहायचं, घडलं ते सांगायचं, परीक्षकाची खुर्ची सोडायची. पोरीची परीक्षा दुसरे घेतील. शब्द मोडला हे झाहलेभर होईल, होऊ दे. पण उम्म नख्लेनं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको. बंदरावरचा मामा पुन्हा नको.

उम्म नख्ले दारात आली. त्यांचा चेहरा बघून तिनं बसा म्हटलं नाही.

"मी शब्द मोडायला आलोय," अबूना म्हणाले. "उद्या मोडणार आहे. आधी तुम्हाला सांगावं म्हणून आलो."

तिचा हात आधी छातीवर गेला, मग चौकटीवर. आणि मग तिनं तोंड सोडलं. पाद्र्यांच्या झग्यापासून सुरुवात केली, फ्रान्सला घेतलं, ब्राझीलला घेतलं, ब्रैदींच्या सात पिढ्यांच्या पाव भाजण्यावर आली. शेजारणी मांडवाखाली गोळा झाल्या. अबूना मान खाली घालून ऐकत राहिले. ती दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाले, "तुम्ही मागितलं ते आज सकाळी झालं होतं. मी नाही केलं. नुहादनं केलं. मी तिला सगळं सांगून बसलो होतो. ती फळ्यासमोर उभी राहिली आणि प्रत्येक प्रश्नाला येत नाही म्हणाली."

"नुहाद?"

"त्रिकोणाच्या कोनांची बेरीज विचारली. शाळेतल्या पोराला येते. माहीत नाही म्हणाली."

उम्म नख्लेला त्रिकोणाचं काही कळत नव्हतं. पण बाकीचं कळलं. चेहऱ्यावरचा राग तसाच होता, फक्त त्याला आता जागा सापडेना.

"सगळ्यांसमोर?" तिनं विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"आणि लोक काय म्हणाले?"

अबूनांना खोटं बोलता आलं असतं. पण ती कला त्यांना कधी जमलीच नव्हती. "हसले."

"हसले?" तिचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या नुहादला हसले?"

"मागच्या बाकावरची मुलं..."

"कुणाची मुलं? नावं सांग."

"उम्म नख्ले, नावांचं काय..."

"नावं सांग म्हणते ना! कोण ते दीडशहाणे? अरे, एवढीशी असताना हिनं पाद्र्याला भर चर्चमध्ये विचारलं होतं, येशूनं पाच भाकऱ्या पाच हजारांत वाटल्या तर एकेकाला केवढा तुकडा आला म्हणून! पाद्री प्रवचन सोडून पळाला होता! विचार या सगळ्यांना!" शेजारणींनी माना हलवल्या. "त्या मुलीला येत नाही म्हणून हसले? आणि तू बसून राहिलास?"

"तुम्हीच नापास करा म्हणाला होतात."

"म्हटलं असेन! मी तिला थांबवा म्हटलं होतं, मठ्ठ ठरवा नव्हतं म्हटलं! मला काय ठाऊक, नापास होणं म्हणजे माझ्या लेकीनं चारचौघांत मान खाली घालून..." ती आत गेली. चूल विझवल्याचा आवाज आला. बाहेर आली ती डोक्याला काळा रुमाल बांधत, शेजारणीच्या हातात किल्ली कोंबत.

"चल."

"कुठं?"

"बैरूतला. उद्या तिला पुन्हा विचार. सगळं विचार, अवघडातलं अवघड विचार. मी पुढच्या बाकावर बसणार आहे. मी बसले की ती उत्तर देईल. आणि ते हसणारे सगळे तिथं हवेत, एकही गैरहजर राहता कामा नये."

"उम्म नख्ले," अबूना म्हणाले, कारण आता न सांगणं त्यांना शक्यच नव्हतं, "तिनं उत्तरं दिली तर ती पहिली येईल."

"येईलच. दुसरं कोण येणार आहे?"

टॅक्सीत ती मागच्या सीटवर खिडकीशी बसली. घाट सुरू होईपर्यंत ती त्या मुलांना उद्देशून पुटपुटत होती. मग ते थांबलं. वर माथ्यावर गार वारा आला तेव्हा ड्रायव्हरनं काच वर घेतली. खाली दूरवर समुद्र दिसायला लागला.

"जाईल ना ती?" उम्म नख्लेनं विचारलं.

"जाईल."

"कधी?"

"ऑक्टोबरात."

उरलेला सगळा उतार तिनं समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून काढला.